एका सभासदाचे निधन

दिनांक २१ एप्रिल २०२५ हा पुनरुत्थानाच्या सणानंतरचा सोमवार. त्या दिवशी सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी रोम येथे पोप फ्रान्सिस यांनी वयाच्या ८८ व्या वर्षी देह ठेविला. ख्रिस्तसभा पोरकी झाली. भारत सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला आणि आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू अंत्यविधीसाठी रोमला गेल्या. हे सारे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्याच दिवशी अर्जेंटिना देशाच्या ब्युनोस आयर्स या राजधानीत एका निराळ्याच घराण्यावर शोककळा पसरली होती. ते घराणे राजघराणे नव्हते, की धर्मगुरूंचा संघ नव्हता. ते होते सान लोरेन्झो नावाच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचे. जगाचा धर्मपिता गेला हे दुःख त्यांना होतेच. शिवाय त्यांच्या वहीतला एक सभासद गेला होता. त्या सभासदाचा क्रमांक होता ८८२३५.

या चाहत्यांच्या शोकाची हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. सातासमुद्रांपलीकडल्या एका क्लबशी चलथाणच्या रहिवाशाचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, एकत्र खेळणाऱ्या, एकत्र आरोळ्या ठोकणाऱ्या माणसांनी आपल्यातला एक गेल्यावर काय करावे, हा प्रश्न जसा त्या महानगराचा आहे तसाच आमच्या गावाचाही आहे. आणि आमच्या गावाला तो अधिक जवळचा आहे. तो कसा, हे पुढे सांगू. आधी त्या क्लबची जन्मकथा ऐकावी.

ट्रामच्या रस्त्यावरची मुले

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्युनोस आयर्स शहरात युरोपातून, विशेषतः इटली व स्पेन या देशांतून, पोटासाठी आलेल्या कुटुंबांची दाटी झाली होती. त्या शहराच्या आल्माग्रो या वस्तीत काही पोरे रस्त्यातच चेंडू खेळत. मैदान नव्हते आणि रस्त्यावरून ट्रामगाड्या धावत. एके दिवशी चेंडूच्या मागे धावणारा एक मुलगा ट्रामखाली सापडता सापडता वाचला, असे क्लबच्या इतिहासात सांगितले जाते. हे पाहिले त्या वस्तीत सेवा करणाऱ्या फादर लोरेन्झो मास्सा या तरुण धर्मगुरूंनी. ते सालेशियन संघाचे, म्हणजे अनाथ व उनाड मुलांचे बाप ठरलेल्या संत जॉन बॉस्को यांच्या परंपरेतले. त्यांनी मुलांवर छडी उगारली नाही, की त्यांचा चेंडू हिसकावून घेतला नाही. प्रार्थनामंदिराच्या मागचे अंगण त्यांनी मुलांना खेळावयास मोकळे करून दिले आणि एवढीच अट घातली की, रविवारी सर्वांनी पवित्र मिस्सेला आले पाहिजे.

दिनांक १ एप्रिल १९०८ रोजी त्या मुलांच्या चमूचा रीतसर क्लब झाला. मुलांच्या मनात फादरांचेच नाव द्यावयाचे होते. फादरांनी तो मान घेण्यास नकार दिला. अखेर ते नाव संत लॉरेन्स या हुतात्म्याच्या स्मरणार्थ, आणि त्याच नावाच्या ठिकाणी सन १८१३ मध्ये झालेल्या अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धातील लढाईच्या स्मरणार्थ ठेवावे, असे ठरले. ख्रिस्तसभेचे धन कोठे आहे असे रोमच्या अधिकाऱ्याने विचारले तेव्हा गोरगरिबांना पुढे उभे करून, हेच आमचे धन, असे दाखवून देणारे ते संत लॉरेन्स. रस्त्यावरच्या पोरांच्या क्लबला याहून शोभेसे नाव दुसरे कोणते मिळणार होते?

त्या क्लबच्या चाहत्यांना आजही ‘कावळे’ म्हणतात. फादरांच्या काळ्या झग्यावरून हे टोपणनाव पडले, अशी समजूत आहे. आपल्या खेड्यातील माणसांना हे नाव ऐकून हसू येईल. पण त्यांनी एक गोष्ट आठवावी. एक कावळा मरून पडला की आसपासचे सारे कावळे जमतात आणि त्याच्याभोवती कालवा करितात. तो आपल्यातला नव्हे असे म्हणून कोणी उडून जात नाही. २१ एप्रिल रोजी ब्युनोस आयर्समध्ये याहून वेगळे काही घडले नाही.

हिशेबनिसाचा मुलगा

पोप फ्रान्सिस यांचे मूळ नाव होर्हे मारिओ बेर्गोल्यो. त्यांचे वडील मारिओ हे इटलीच्या पिएमोंते प्रांतातून सन १९२९ मध्ये आईबापांसह अर्जेंटिनात आले. त्याआधी त्यांनी ‘प्रिन्चिपेस्सा माफाल्दा’ या आगबोटीने यावयाचे ठरविले होते. परंतु घरदार वेळेवर विकले न गेल्यामुळे ती बोट चुकली. ऑक्टोबर १९२७ मध्ये ती बोट ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि तीनशेंहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. बोट चुकली म्हणून जगलेल्या त्या घराण्यात दिनांक १७ डिसेंबर १९३६ रोजी होर्हे जन्मले. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी आल्माग्रो वस्तीतील, ख्रिस्ती जनांची साहाय्यकारिणी मरिया हिला वाहिलेल्या सालेशियन मंदिरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे ज्या वस्तीत क्लब जन्मला, त्याच वस्तीत त्यांचा आध्यात्मिक जन्म झाला.

वडील हिशेबनिसाचे काम करीत आणि क्लबच्या बास्केटबॉल संघातून खेळत. मुलांना ते सामने पाहावयास घेऊन जात. सन १९४६ मध्ये सान लोरेन्झोने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, तेव्हा होर्हे नऊ वर्षांचे होते. त्या संघातील पोन्तोनी या खेळाडूचे नाव ते म्हातारपणीही आनंदाने घेत. स्वतः ते चिंध्यांच्या चेंडूने खेळले. आपल्याला खेळ फारसा जमत नसे, म्हणून आपल्याला गोलरक्षक करीत, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. चिंध्यांचा चेंडू कसा बांधतात हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे ते येशूसंघीय झाले, धर्मगुरू झाले, ब्युनोस आयर्सचे महागुरुस्वामी झाले. सन २००८ मध्ये क्लबला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांनी कृतज्ञतेची मिस्सा अर्पिली आणि त्याच वर्षी त्यांना सभासदपत्र मिळाले. दिनांक १३ मार्च २०१३ रोजी ते पोप झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लबने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सबंध दक्षिण अमेरिकेचा करंडक प्रथमच पटकाविला. दोन्ही वेळा क्लबची मंडळी करंडक घेऊन व्हॅटिकनला गेली. गावातल्या पोरांनी ढाल जिंकून आणावी आणि ती प्रथम आजोबांच्या पायांशी ठेवावी, तसाच तो प्रकार होता.

एक गोष्ट मात्र आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावी. दिनांक १५ जुलै १९९० रोजी, म्हणजे कार्मेल माउलीच्या सणाच्या पूर्वसंध्येस, बेर्गोल्यो यांनी टेलिव्हिजन न पाहण्याचे व्रत पवित्र मरियेला वाहिले. ते व्रत पोप झाल्यावरही त्यांनी मोडले नाही. आपल्या आवडत्या संघाचे सामने त्यांना पडद्यावर पाहता आले असते. परंतु पाहिले नाहीत. स्विस पहारेकऱ्यांपैकी एकजण त्यांना सामन्यांचे निकाल आणि गुणतक्ता कळवीत असे, तेवढ्यावर ते समाधान मानीत. खेळावर प्रेम असावे, पण त्या प्रेमाने देवाला दिलेला शब्द खाऊ नये, हे त्यांनी बोलून नव्हे, वागून दाखविले. रात्र रात्र मोबाईलवर सामने पाहून सकाळची मिस्सा चुकविणाऱ्यांनी याचा विचार करावा.

चाहत्यांचा शोक

निधनाची वार्ता पसरताच सान लोरेन्झोचे चाहते निळ्या-तांबड्या रंगांचे सदरे, निशाणे व फुले घेऊन जमले. क्लबने जाहीर केलेल्या शोकसंदेशाचा आशय असा होता की, हा माणूस आमचाच होता. लहानपणी आमचा, महागुरुस्वामी असताना आमचा आणि पोप झाल्यावरही आमचा. दिनांक २६ एप्रिल रोजी रोममध्ये अंत्यविधी झाला. त्याच दिवशी क्लबच्या मैदानावर सामना होता, आणि त्या सामन्यात खेळाडूंनी व प्रेक्षकांनी मिळून आपल्या सभासदाला श्रद्धांजली वाहिली. इटलीतही २१ एप्रिल रोजी व्हावयाचे पहिल्या श्रेणीचे चार सामने पुढे ढकलण्यात आले होते.

चाहत्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. पोप वारले ते ८८ व्या वर्षी. त्यावेळी अर्जेंटिनाच्या घड्याळात पहाटेचे २ वाजून ३५ मिनिटे झाली होती. आणि त्यांचा सभासद क्रमांक होता ८८२३५! हा योग पाहून अनेकांच्या अंगावर शहारे आले. आम्ही त्यांच्या भावनेस नावे ठेवीत नाही. प्रियजन गेल्यावर माणसाचे मन लहानसहान खुणा शोधीत असते. परंतु आमच्याकडे आकड्यांवर पैसे लावण्याचे आणि आकड्यांत दैव वाचण्याचे व्यसन घरोघर शिरले आहे, म्हणून स्पष्ट सांगावेसे वाटते की, त्या क्रमांकाचे मोल त्याच्या योगायोगात नाही. जगातील १४० कोटी कॅथलिकांचा धर्मपिता एका क्लबच्या वहीत इतर सभासदांच्या ओळीत, एका क्रमांकाने, नोंदलेला राहिला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही, यात त्याचे मोल आहे. रोमच्या महामाता मरिया मंदिरात त्यांना पुरले, तेथे शिळेवर ‘फ्रान्सिस्कुस’ एवढेच लॅटिन नाव कोरले आहे. पदव्यांची माळ तेथे नाही.

पोप फ्रान्सिस कोणालाही भेटले की, माझ्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंती करीत. पोप असले तरी तेही देवाच्या दयेचे भिकारी होते, हे ते जाणून होते. तेव्हा ज्या चाहत्यांनी त्या दिवशी निशाण बाजूस ठेवून गुडघे टेकले, त्यांनी आपल्या सोबत्याची अखेरची मागणी पूर्ण केली, असे आम्ही समजतो. नुसत्या घोषणांनी ते ऋण फिटले नसते.

शोकाची पुढची पायरी

फुटबॉलच्या इतिहासात चाहत्यांवर याहून दारुण प्रसंग आले आहेत. दिनांक १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी उसळली आणि चेंगराचेंगरीत १६ चाहते मेले. त्यांत दोन्ही बाजूंचे लोक होते. घरून सामना पाहावयास गेलेली मुले परत आली नाहीत. पुढे त्या शहराने हा दिवस फुटबॉलप्रेमींचा स्मृतिदिन म्हणून पाळण्याचा प्रघात पाडला. त्या दिवशी रक्तदान करितात. ज्या तारखेला रक्त सांडले, त्या तारखेला रक्त द्यावे, हा विचार आम्हांस ख्रिस्ती विचाराच्या फार निकटचा वाटतो.

दिनांक १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल संघाचे चाहते गर्दीत चिरडले गेले. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, लिव्हरपूलच्या कॅथलिक महामंदिरात महागुरुस्वामी डेरेक वॉरलॉक यांनी मृतांसाठी मिस्सा अर्पिली. आत जागा न मिळालेले हजारो लोक बाहेर उभे होते. पुढे तांबड्या लिव्हरपूलच्या आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी निळ्या एव्हर्टनच्या चाहत्यांनी गळपट्ट्यास गळपट्टा बांधून दोन्ही मैदानांच्या दरम्यान एक लांबच लांब साखळी केली. एरवी एकमेकांची टर उडविणारे ते लोक त्या दिवशी एका गाठीने बांधले गेले. परंतु त्या शोकाची पुढची पायरी अधिक कठीण होती. चाहत्यांच्या दारूबाजपणामुळेच हे घडले, असा खोटा डाग मृतांवर लावण्यात आला होता. तो पुसण्यासाठी त्यांचे आईबाप व भावंडे २७ वर्षे झगडली. सन २०१६ मध्ये न्यायचौकशीतील पंचांनी निर्णय दिला की, चाहत्यांचा दोष नव्हता. त्यांचे मरण इतरांच्या गंभीर हलगर्जीने ओढवले होते.

यावरून दिसते की, शोकाला तीन अंगे आहेत. मृतासाठी प्रार्थना हे पहिले, मृताच्या नावाने काही सत्कृत्य हे दुसरे, आणि मृताच्या घरच्यांना न्याय मिळेपर्यंत त्यांच्या बाजूस उभे राहणे हे तिसरे. यांपैकी एकही नसेल, तर अश्रू वाऱ्यावर वाळून जातात.

आमच्या गावचा प्रश्न

आता चलथाणकडे वळू. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव. येथे सहकारी साखर कारखाना आहे, आणि आसपास सुरतेचे कापडाचे उद्योग पसरले आहेत. गळीत हंगाम आला की दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे डांग, नंदुरबार, धुळे अशा भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. कोणी हंगामापुरते येतात, कोणी कायमचे राहतात. बेर्गोल्यो घराणे जसे पोटासाठी परमुलखात गेले, तशीच ही घराणी. त्यांची भाषा घरात एक, बाजारात दुसरी. अशा ठिकाणी शेजारी कोण, हे नुसत्या नात्यागोत्यावरून ठरत नाही. ते ठरते रविवारच्या मिस्सेत शेजारी कोण बसतो, आणि संध्याकाळी मैदानात आपल्या बाजूने कोण खेळतो, यावरून.

म्हणूनच आम्ही म्हणतो की, हा प्रश्न आमच्या गावाला अधिक जवळचा आहे. स्वतःच्या गावी माणूस मेला तर चार खांदेकरी न बोलावता येतात. परमुलखात मेला तर? खोली भाड्याची, नातेवाईक दोनशे मैलांवर, मृतदेह गावी नेण्यास गाडीचे भाडे नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी कामावर दुसरा माणूस लागलेला. त्याच्यासाठी रडणारे कोण? ज्यांच्याबरोबर तो संध्याकाळी खेळे, सामने पाही, त्यांच्यावर ते कर्तव्य येऊन पडते. तेच त्याचे भाऊबंद, आणि त्यांनी ते टाळले तर दुसरे कोणी पुढे येणार नाही.

यासाठी काय करावे, ते आम्ही थोडक्यात सुचवितो. प्रत्येक चमूने आपल्या सभासदांची वही ठेवावी. तीत नाव, मूळ गाव, घरच्यांचा पत्ता व फोन लिहावा. अडचणीच्या वेळी याच चार ओळी कामी येतात. दरमहा थोडी थोडी वर्गणी जमवून संकटनिधी ठेवावा. कोणी वारला तर चमूने एकत्र मिस्सेला यावे, तिसाव्या दिवशी त्याच्यासाठी मिस्सा मागावी, आणि २ नोव्हेंबरला मृत भाविकांच्या दिवशी त्याचे नाव विसरू नये. मृताच्या छायाचित्राचे मोठमोठे फलक रस्त्यावर लावण्यात पैसा घालवू नये. तोच पैसा त्याच्या मुलांच्या वह्यापुस्तकांस लावावा. त्याच्या नावाने दारूची मैफल बसविणे ही तर त्याची विटंबना होय. कामावर अपघाताने मृत्यू आला असेल, तर कायद्याने मिळणारी भरपाई त्याच्या विधवेच्या हाती पडेपर्यंत जाणत्या माणसांनी तिच्याबरोबर जावे, अर्ज लिहून द्यावेत, तारखांस उभे राहावे.

वडीलधाऱ्यांसही एक विनंती आहे. उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि मालमोटारी धावतात त्या रस्त्यांच्या कडेला आपली मुले आज चेंडू खेळत आहेत. ब्युनोस आयर्सची ट्राम आणि आपल्याकडचा ट्रॅक्टर यांत फारसा फरक नाही. त्यांना रागे भरून हाकलून देऊ नये. ती दुसऱ्या रस्त्यावर जाऊन खेळतील. त्यांना एखादे अंगण, एखादे पडीक आवार मोकळे करून द्यावे आणि फादर मास्सांनी घातली तशी प्रेमळ अट घालावी. धर्मगुरूंनी चेंडूस हात लावणे ही आपल्याकडेही नवी गोष्ट नव्हे. गोव्यात सन १८८३ मध्ये फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनीच. त्या अंगणातून मोठे खेळाडू निघतील की नाही, हे देव जाणे. परंतु एकमेकांना नावाने ओळखणारी, जिवंतपणी सोबत करणारी आणि मेल्यावर प्रार्थना करणारी माणसे मात्र तेथे नक्कीच घडतील.

आपली श्रद्धा सांगते की, पृथ्वीवरील भाविक, शुद्धिस्थानातील आत्मे आणि स्वर्गातील संत हे सारे मिळून एकच कुटुंब आहे. या कुटुंबाच्या वहीतून मरणाने कोणाचेही नाव खोडले जात नाही. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभूने सांगितले आहे. आपणही निदान आपल्या मैदानातल्या सोबत्यांची नावे विसरू नयेत.

येत्या रविवारी कुटुंबाची रोजरी म्हणताना, परमुलखात कष्ट करता करता मेलेल्या आणि ज्यांच्यासाठी कोणी मिस्सा मागितली नाही अशा सर्वांसाठी एक दशक अर्पण करावे, अशी आमची वाचक कुटुंबांना कळकळीची विनंती आहे. सभासद क्रमांक ८८२३५ यांच्यासाठीही एक ‘नमो मरिया’ म्हणावी. त्यांनी ती आपणां सर्वांकडे मागितली होती.